पंचेचाळीस क्विंटल कापूस आणि जूनपर्यंतच्या तारखा

२०२२-२३ च्या हंगामात विदर्भातल्या शेतकऱ्यांनी कापूस विकला नाही. पडवीत, माजघरात, पोरांच्या अभ्यासाच्या खोलीत तो छताला टेकेपर्यंत भरून ठेवला. उन्हाळा लागल्यावर त्या गंजीतल्या किड्यांमुळे घरच्यांच्या अंगाला खाज सुटली आणि गावोगावच्या डॉक्टरांकडे रांगा लागल्या, तेव्हा कुठे शहरातल्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. हे प्रकरण अशाच एका घराचं आहे. यवतमाळ जिल्हा, राळेगाव तालुका, दहा एकर कोरडवाहू शेती. घरात नवरा, बायको, म्हातारी आई, वर्ध्याला शिकणारा मुलगा आणि लग्नाला आलेली मुलगी. घरधन्याला इथं भाऊराव म्हणू, बायकोला शांताबाई. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलं आहे आणि रकमा गोल केल्या आहेत. हिशोबाचा सांगाडा मात्र तोच आहे.

माझा या घराशी संबंध नात्यातला. माझा धंदा म्हणाल तर देश कर्जात का आणि कसे अडकतात ते वाचण्याचा. १९९१ चं आपलं परकीय चलनाचं संकट, १९९७ ची थायलंड-कोरियाची पडझड, २००८ साली लेहमन ब्रदर्स बुडाल्यावर जगभर गोठलेली उसनवारी, २०१३ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या नुसत्या इशाऱ्यानं डॉलरमागे अडुसष्ट रुपयांपलीकडे घसरलेला रुपया. नोकरीची वर्षं याच तक्त्यांत गेली. जून २०२३ मध्ये भाऊरावांनी शेवटचा कापूस विकला आणि त्यानंतर मला विचारलं, "काकाजी, तुम्ही जगाचे बजार पाहता. आमचा भाव कोनं पाडला, ते सांगा."

गावात याचं उत्तर तयार होतं. कोणी सरकारचं नाव घेत होतं, कोणी व्यापाऱ्याचं, कोणी गुजरातच्या गिरण्यांचं. मला प्रश्नच थोडा अपुरा वाटत होता. भाव पडला हे खरं. पण या घराचं जे नुकसान झालं त्यातला मोठा भाग भावामुळे झालेला नाही, असं माझं मत आहे. तिथवर जाण्याआधी भावाची गोष्ट सांगायला हवी, कारण भाऊरावांनी तीच विचारली होती.

भाव कसा चढला, कसा उतरला

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या ऐन भरात, न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुईचा, म्हणजे सरकी (बी) काढलेल्या कापसाचा, भाव पौंडाला पन्नास सेंटच्या खाली गेला होता. मे २०२२ मध्ये तोच भाव दीडशे सेंटच्या वर होता. दोन वर्षांत तिप्पट. अमेरिका-युरोपातल्या सरकारांनी लोकांच्या हाती पैसा दिला, व्याजदर शून्याला टेकले, घरी बसलेल्या लोकांनी कपडे मागवले, जहाजांची भाडी भडकली, मोठ्या दुकानदारांनी माल वेळेवर पोचणार नाही या धास्तीनं गरजेपेक्षा जास्त मागणी नोंदवली. त्यात भारतातलं पीक २०२१-२२ मध्ये पावसानं आणि बोंडअळीनं कमी आलं. आपल्याकडे रुईच्या ३५६ किलोच्या खंडीचा भाव मे २०२२ मध्ये लाखाच्या घरात गेला. विदर्भात कापूस जानेवारी २०२२ मध्येच क्विंटलला दहा हजारांवर होता आणि उन्हाळ्यात त्याच्याही पुढे गेला. त्या वर्षीचा लांब धाग्याचा हमीभाव होता ६,०२५ रुपये.

मग चाकं उलटी फिरली. अमेरिकेतली महागाई जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर पोचली. तिथल्या मध्यवर्ती बँकेनं मार्चमध्ये शून्याजवळ असलेला व्याजदर डिसेंबरपर्यंत सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर नेला. पैसा महाग झाला की गोदामात माल भरून ठेवणं महाग होतं, आणि दुकानदारांच्या गोदामांत तर गरजेपेक्षा जास्त कपडे पडून होते. नव्या मागण्या थांबल्या. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्कचा भाव सत्तर सेंटच्या आसपास होता. मेपासून पाच-सहा महिन्यांत निम्म्याहून खाली.

इकडे सरकारनं गिरण्यांच्या ओरडीमुळे १३ एप्रिल २०२२ ला रुईवरचं अकरा टक्के आयात शुल्क काढलं होतं. मुदत सप्टेंबरअखेर होती, ती ऑक्टोबरअखेरपर्यंत वाढवली. नोव्हेंबरपासून शुल्क पुन्हा लागू झालं. गावात या शुल्काबद्दल "आयात केली म्हणून भाव पडला" इतकंच बोललं जातं. नेमका ज्या महिन्यांत भाऊरावांचा कापूस घरात आला, त्या महिन्यांत हेच शुल्क भावाला खालून टेकू देत होतं, ही बाजू कोणी सांगत नाही.

तो टेकू किती होता, हे पाहायला थोडं गणित लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये आसपासच्या बाजार समित्यांत कापूस साडेआठ हजारांच्या आगेमागे जात होता. एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, बाकीची तूट. सरकी क्विंटलला साडेतीन हजार धरली तर तिचे २,२४० रुपये झाले. उरलेले ६,२६० रुपये ३४ किलो रुईचे, म्हणजे खंडीला साडेपासष्ट हजार, आणि यात जिनिंगचा, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करण्याचा, खर्च धरलेलाच नाही. आता न्यूयॉर्ककडून या. खंडी म्हणजे साधारण ७८४ पौंड. भाव ८४ सेंट आणि डॉलर साडेब्याऐंशी रुपये धरला तर खंडी पडते सव्वाचोपन्न हजारांना. आपला माल जगापेक्षा खंडीमागे अकरा हजारांनी महाग होता. शुल्क आणि वाहतूक यांनी त्यातली बरीचशी दरी भरून काढली होती, म्हणून परदेशी रुई लोंढ्यानं आत येत नव्हती. पण आपली बाहेर जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्या हंगामात भारताची निर्यात साधारण पंधरा लाख गाठींवर आली. आदल्या वर्षी ती चाळीस लाखांच्या वर होती.

हेच गणित उलटं करून पाहा. भाऊराव दहा हजारांची वाट पाहत होते. कापूस दहा हजारांनी जायचा तर रुईची खंडी एक्क्याऐंशी हजारांवर जायला हवी, आणि तो भाव जगाच्या भावाशी जुळायचा तर न्यूयॉर्कला सव्वाशे सेंट हवेत. न्यूयॉर्क ऐंशीच्या घरात होतं. भाव वाढणं अशक्य नव्हतं, पण त्यासाठी जगाच्या बाजाराला जवळपास दीडपट व्हावं लागणार होतं, आणि तेही व्याजदर चढत असताना.

हे गणित करायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. सरकीचा भाव, रुईचा उतारा, डॉलरचा दर आणि न्यूयॉर्कचा आकडा, चारही गोष्टी मोबाईलवर दिसतात. जिनिंगवाला रोज सकाळी हेच करतो, मगच तोंडातून भाव काढतो. समोर बैलबंडी किंवा पिकअप घेऊन उभा असलेला माणूस ते करत नाही. त्याच्या मोबाईलवर "कापूस बारा हजार होणार" असं ओरडणारे व्हिडिओ असतात.

थांबणं हा वेडेपणा होता का

नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. २०२१ मध्ये भाऊरावांनी दिवाळीनंतर लगेच सगळा कापूस आठ हजारांच्या आसपास विकला. तो भाव त्यांना सोन्यासारखा वाटला होता. शेजाऱ्यानं थांबवला आणि उन्हाळ्यात अकरा हजारांनी दिला. ते वर्षभर गावात सांगितलं गेलं, लग्नाच्या पंगतीत, पारावर, कृषी केंद्राच्या ओट्यावर. पुढच्या हंगामात अख्ख्या गावानं शेजाऱ्यासारखं वागायचं ठरवलं.

"मांगच्या साली अकरानं गेला, यंदा साडेआठनं कायले इकू?" हे भाऊरावांचं वाक्य मी आयुष्यभर वेगवेगळ्या भाषांत ऐकलं आहे. थायलंडच्या बिल्डरांनी तेच म्हटलं, अमेरिकेतल्या घर घेणाऱ्यांनी तेच म्हटलं. काल भाव चढला, म्हणून उद्याही चढेल. फरक एवढाच की न्यूयॉर्कच्या बँकेनं असा विचार केला तर बुडताना तिला सावरायला सरकार धावतं.

त्यात त्यांच्या बाजूनं एक कारण अस्सल होतं. जुलै-ऑगस्ट २०२२ मध्ये यवतमाळ, वर्धा, चंद्रपुरात अतिवृष्टी झाली, नदीकाठची शेतं खरवडून गेली. पाकिस्तानात सिंधमध्ये पुरानं कापूस वाहून गेला. माल कमी म्हणजे भाव जास्त, हा तर्क चुकीचा नव्हता. त्यात मागणी धरलेली नव्हती, इतकंच. आणि मागणी दिसते कुठे? ती लॉस एंजेलिसच्या गोदामात पडून असते. राळेगावहून ती दिसत नाही.

कर्जाचं वेळापत्रक

आता माझ्या मुद्द्याकडे येतो.

डिसेंबर २०२२ मध्ये या घरात पंचेचाळीस क्विंटल कापूस होता. साडेआठ हजारांनी त्याची किंमत ३,८२,५०० रुपये. देणी तीन. बँकेचं पीककर्ज १,२०,०००, मार्चअखेर फेडायचं. मुदतीत फेडलं तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून तीन लाखांपर्यंतचं कर्ज शेतकऱ्याला बिनव्याजी पडतं. चुकलं तर ती सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचं कर्ज अडतं. दुसरं, कृषी केंद्राची उधारी ६०,०००, बियाणं, खत, फवारणीची. संक्रांतीपर्यंत द्यायची, नंतर शेकडा दोन रुपये महिना. तिसरं, शांताबाईंच्या नावावर गटाचं कर्ज, ४०,००० बाकी, दर पंधरवड्याला हप्ता. एकूण दोन लाख वीस हजार. याशिवाय मे महिन्यात मुलीचं लग्न.

म्हणजे घर कर्जात बुडालेलं नव्हतं. सगळं विकून सगळं फेडलं असतं तरी एक लाख साठ हजार हातात उरत होते. सात हजारांनी विकूनही देणी भागत होती. आमच्या भाषेत सांगायचं तर हे घर दिवाळखोर नव्हतं. मालमत्ता देण्यापेक्षा जास्त होती, फक्त ती कापसाच्या रूपात होती आणि देणी तारखांच्या रूपात.

डिसेंबर १९९७ मध्ये दक्षिण कोरिया नेमका इथे उभा होता. देशाकडे कारखाने होते, जहाजबांधणी होती, कामसू लोक होते. पण तिथल्या बँकांनी परदेशातून घेतलेली अल्पमुदतीची कर्जं हाताशी असलेल्या डॉलरपेक्षा कितीतरी जास्त होती, आणि ती महिन्यामहिन्याला नूतनीकरणाला येत होती. धनको म्हणाले, यावेळी नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं मोठं कर्ज मंजूर केलं तरी घबराट थांबली नाही. ती थांबली, परदेशी बँकांनी डिसेंबरच्या अखेरीस मुदत वाढवून द्यायचं कबूल केलं तेव्हा. कोरियाला पैशाआधी वेळ हवा होता.

या अनुभवातून १९९९ मध्ये एक साधा नियम पुढे आला. अर्जेंटिनाचे अर्थ उपमंत्री पाब्लो गिडोटी यांनी तो सुचवला आणि अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी उचलून धरला: येत्या एका वर्षात जेवढं परकीय कर्ज फेडायचं आहे, निदान तेवढी गंगाजळी देशाकडे रोख हवी. भाव, विनिमय दर, बाजाराचा मूड काय होईल ते कोणालाच सांगता येत नाही. तारखा मात्र आधीच माहीत असतात. ज्याची तारीख ठरली आहे त्याची तजवीज भावावर सोडू नये.

भाऊरावांच्या घराला हा नियम लावला तर डिसेंबरमध्ये सव्वीस क्विंटल विकायला हवे होते. सव्वीस गुणिले साडेआठ हजार, दोन लाख एकवीस हजार. तिन्ही देणी मिटली. उरलेले एकोणीस क्विंटल मग खुशाल ठेवा, बारा हजारांची वाट पाहा, चुकलात तर एकोणीस क्विंटलवर चुकाल.

आणि हे त्या घरात कोणीतरी म्हटलं होतं. शांताबाई. "अर्धा इकून टाका, बाकीचा ठेवा पाह्यजे तेवढे दिवस." गटाचा हप्ता पंधरा दिवसांनी येतो, ताई येऊन बसते, एका बाईनं भरला नाही तर बाकीच्या तिच्या दारात उभ्या राहतात. भिंतीवरच्या कालनिर्णयवर शांताबाईंच्या हप्त्यांच्या खुणा आहेत. भाऊरावांचं बँकेचं देणं वर्षातून एकदा येतं, त्यामुळे ते दूर वाटतं. घरात तारखांचं भान तिला होतं आणि कापूस विकायचा अधिकार त्यांना. विदर्भातल्या शेतीकर्जावर इतके अहवाल निघाले, त्यात ही गोष्ट फारशी वाचलेली आठवत नाही.

पुढे काय झालं

जानेवारीत पाच क्विंटल विकावे लागले, गटाचे हप्ते आणि वेचणीची उरलेली मजुरी द्यायला. एवढ्याशा मालासाठी बाजार समितीपर्यंत गाडीभाडं कोण भरणार, म्हणून खेडा खरेदीवाल्याला दिला. तो घरी येतो, आपलाच काटा लावतो, रोख देतो आणि क्विंटलला तीन-चारशे कमी देतो. ७,८०० पडले.

मार्च उजाडला. बाजार समितीत भाव आठ हजारांच्या खाली आले होते, आणि आता विकायचं म्हणजे हार मानायची. पीककर्ज फेडलं नाही. एप्रिलमध्ये लग्नाच्या खरेदीसाठी पंधरा क्विंटल ७,६०० नी गेला. त्याच सुमारास साऱ्या राज्यात लोकांनी घरातला कापूस बाहेर काढायला सुरुवात केली. एरवी एप्रिल-मेमध्ये ओस पडणाऱ्या बाजार समित्यांत त्या वर्षी गाड्यांच्या रांगा होत्या. सगळ्यांनी एकाच कारणासाठी थांबवलेला माल सगळ्यांनी एकाच कारणासाठी सोडला: पेरणी तोंडावर आली होती. जूनमध्ये उरलेला माल काट्यावर चढला तेव्हा वाळून दोन क्विंटल कमी भरला. तेवीस क्विंटल, ६,९०० नी.

बेरीज करा. ३९,०००, अधिक १,१४,०००, अधिक १,५८,७००. तीन लाख अकरा हजार सातशे. डिसेंबरच्या किमतीपेक्षा सत्तर हजारांनी कमी. सव्वीस क्विंटल डिसेंबरमध्ये विकून उरलेले वाळून अठरा भरले आणि जूनमध्ये गेले असते, तर हातात तीन लाख पंचेचाळीस हजार आले असते. म्हणजे भावाचा अंदाज पूर्ण चुकूनही फटका जवळपास निम्मा झाला असता.

पण खरा फटका या बेरजेत नाहीच. पीककर्ज जूनमध्ये फेडलं, तोवर बिनव्याजीची सवलत गेली होती. थकबाकीदार म्हणून नवं कर्ज वेळेवर उभं राहिलं नाही. पाऊस आला, बियाण्यासाठी पैसे हवे होते, ते गावातल्याच एकाकडून शेकडा तीननं घेतले. वर्षाचे छत्तीस टक्के. शून्य टक्क्याच्या दारातून निघून घर छत्तीस टक्क्यांच्या दारात गेलं, आणि मधलं अंतर होतं मार्चमध्ये न विकलेल्या पंधरा-सोळा क्विंटलचं.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ हायमन मिन्स्की यांनी कर्जदारांचे तीन प्रकार सांगितले होते. एक, ज्याच्या कमाईतून मुद्दल आणि व्याज दोन्ही फिटतं. दुसरा, ज्याचं व्याज फिटतं पण मुद्दल पुढे ढकलावी लागते. तिसरा, ज्याला जुन्या देण्याचं व्याज भरायलाही नवं कर्ज काढावं लागतं. मिन्स्की कंपन्या आणि बँकांबद्दल बोलत होते, दहा एकरवाल्याबद्दल नाही. तरी हे घर डिसेंबरमध्ये पहिल्या प्रकारात होतं, मार्चमध्ये दुसऱ्यात आणि जूनमध्ये तिसऱ्याच्या उंबऱ्यावर. या सहा महिन्यांत ना दुष्काळ आला, ना आजारपण, ना कापसाचा भाव हमीभावाखाली गेला.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबतो. २०२२-२३ चा लांब धाग्याचा हमीभाव ६,३८० होता. जूनमध्येही बाजार त्याच्या वर होता, त्यामुळे सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, हमीभावानं खरेदीचा प्रश्नच आला नाही. कागदावर पाहिलं तर त्या हंगामात कापूस उत्पादकावर संकट आलंच नाही. हमीभाव एका ठराविक आकड्याखाली पडू देत नाही, पण साडेआठवरून सातवर आलेल्या माणसाचं मार्चअखेरचं देणं त्याला कळत नाही.

जुन्या मुंबईतही असंच घडलं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात कापूस भडकला, वऱ्हाडापासून मुंबईपर्यंत पैसा खेळला. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, भाव कोसळले. पण मुंबईचे सटोडिये बुडाले ते १ जुलैला, कारण शेअरच्या वायद्यांची देणीघेणी त्या तारखेला करायची होती. मधले तीन महिने सगळ्यांना तारीख ठाऊक होती.

दुसरं काय करता आलं असतं

तारण हा पहिला पर्याय डोक्यात येतो. देशानंही तेच केलं आहे. जुलै १९९१ मध्ये भारतानं सुमारे ४७ टन सोनं परदेशी बँकांकडे तारण ठेवून डॉलर उभे केले. सोनं विकून न टाकता त्यावर वेळ विकत घेतला. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना सोयाबीन, तूर, चणा यांना बरी लागू पडते. माल वखारीत ठेवा, किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत सहा टक्क्यांनी सहा महिन्यांसाठी उचल घ्या. घरात पसरलेला, किडा लागणारा, पेट घेऊ शकणारा सुटा कापूस मात्र तारणाला फार अवघड माल आहे. आणि समजा उचल मिळाली असती, तर? मार्च निभावला असता, पीककर्ज शून्यावर राहिलं असतं. पण भाऊराव आणखी निवांतपणे थांबले असते आणि भावाचा फटका पंचेचाळीस क्विंटलवरच बसला असता. पडत्या भावात तारण म्हणजे तारखेवरचं औषध, भावावरचं नव्हे. या दोन धोक्यांची गल्लत सरकारी योजनांतही नेहमी होते.

वायदे बाजार? एमसीएक्स या वायदे बाजारावर कापसाचा नवा करार फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाला, त्याचा एक सौदा ४८ खंडी रुईचा. भाऊरावांच्या सगळ्या कापसातून निघते साडेचार खंडीही नाही. गावातल्या अकरा-बारा घरांनी एकत्र येऊन शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत केलं तर एक सौदा होतो, पण भाव चढला की रोजच्या रोज मार्जिन, म्हणजे अनामत, भरावं लागतं आणि ते भरायला रोख लागते. ज्याच्याकडे रोख नाही त्याला रोख मागणारं हत्यार द्यायचं, हा सल्ला मी देणार नाही. शहरातल्या परिसंवादांत तो दरवर्षी दिला जातो.

राहता राहिला सव्वीस क्विंटलचा साधा नियम. त्याला योजना लागत नाही, मोबाईल लागत नाही, फक्त डिसेंबरमध्ये जूनपर्यंतच्या देण्यांची यादी लागते. भाऊरावांना मी हे मांडून दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं आणि मग म्हणाले, "हे बरोबर आहे काकाजी. पन २०२१ मधी शेजाऱ्यानं असंच केलं असतं, त का झालं असतं? अर्धा आठनं गेला असता त्याचा. साठ हजारानं मारला गेला असता."

शेजाऱ्याकडे त्या वर्षी चाळीस क्विंटल होता. वीस क्विंटल, क्विंटलमागे तीन हजार. साठ हजार बरोबर आहे. नियम पाळण्याची किंमत चढत्या वर्षी द्यावी लागते, आणि ती पंगतीत चारचौघांत मोजली जाते. पडत्या वर्षी वाचलेले पैसे कोणी मोजत नाही. ज्या देशांनी १९९७ नंतर गंगाजळ्या भरल्या त्यांनाही हेच ऐकवलं गेलं: एवढे डॉलर कमी व्याजावर कशाला पाडून ठेवता, गुंतवा कुठेतरी.

२०२३-२४ मध्ये हमीभाव ७,०२० झाला आणि हिवाळ्यात बाजार त्याच्याही खाली गेला. भाऊरावांनी त्या वर्षी चाळीस क्विंटलपैकी चोवीस डिसेंबरमध्येच ६,८०० नी विकले आणि मार्चच्या आत बँक मोकळी केली. शेकडा तीनवालं कर्जही मिटवलं. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस न्यूयॉर्कला भाव पुन्हा शंभर सेंटच्या वर उसळला, इकडे मार्चमध्ये उरलेले सोळा क्विंटल ७,७०० नी गेले. शेजाऱ्यानं त्या वर्षीही सगळा कापूस थांबवला होता आणि सगळाच ७,७०० नी दिला. चोवीस क्विंटलवर नऊशे रुपये, म्हणजे साडेएकवीस हजारांचा फरक. फोनवर बोलताना भाऊराव तो आकडा मला अजून सांगतात, आणि हिशोबात त्यांची चूक नाही.